रस्त्याखालची वाट

आमचं रान त्या रस्त्यात गेलं नाही, कारण जाण्याएवढं रान आमच्याकडं नव्हतंच. आमची गेली ती वाट. हर्सूलच्या पुढं, डोंगराच्या अंगाला आमची वस्ती होती. वस्तीतून निघायचं, ओढा ओलांडायचा, बाभळीच्या बनातून पलीकडं गेलं की गायरान आणि त्याच्या खालच्या अंगाला पाझर तलाव. आबा, म्हणजे माझे वडील, त्यांचे वडील आणि त्यांच्याही आधीची माणसं त्याच वाटेनं मेंढरं घेऊन गेली होती. वाट म्हणजे तरी काय, खुरांनी झिजलेली एक पांढरी पट्टी. तिचा सातबारा नसतो, तिच्यावर कुणाचं नाव नसतं. मोजणीवाले आले, दगडांना चुना फासून गेले, आणि ज्यांची शेतं जाणार होती त्यांनी कचेऱ्यांच्या चकरा सुरू केल्या. आम्ही कुठं चकरा मारणार? वाट गेली म्हणून कुणाच्या दारात उभं राहायचं असतं हे आबांना माहीत नव्हतं, आणि सांगणारंही कुणी नव्हतं.

पण मला तो रस्ता आवडला. आमच्या घरात हे बोलायची चोरी होती, म्हणून मी नुसती बघत बसायची. दहावी होऊन मी हर्सूलच्या कॉलेजात अकरावीला नाव घातलं होतं, उन्हाळ्याची सुट्टी होती, आणि सुट्टीत आमच्यात पोरगी असो की पोरगा, हातात काठी येतेच. मेंढरं खडकावर पांगली की मी उंचवटा धरून बसायची. खाली पिवळी यंत्रं चाललेली असायची. डोंगर कापायचा, त्याचाच मुरूम दरीत भरायचा, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा; पुन्हा मुरूम, पुन्हा पाणी, पुन्हा रोलर. माय दर सोमवारी अंगण सारवायची, तरी ते कुठं फुगलेलं, कुठं खचलेलं असायचं. हे एवढं कोसच्या कोस लांब अंगण, आणि त्याला एक सुरकुती नाही! माणसाच्या हातून इतकी सरळ गोष्ट होते याचंच मला नवल वाटायचं. आमच्याकडं सगळंच वाकडं होतं. ओढा वाकडा, बांध वाकडा, वाट वाकडी, आणि मायच्या मते आबांचा स्वभावही.

त्या उन्हाळ्याचे आवाज अजून माझ्या कानात आहेत. पहाटे आधी मेंढरांचं खाकरणं, मग मायचं भाकरी थापणं, आणि त्याच सुमारास पलीकडून डंपरचं टीं टीं टीं. मागं येणारा प्रत्येक डंपर तसा ओरडायचा. मायनं तो आवाज उचलला. आबा भांडणात माघार घ्यायला लागले की ती चुलीपुढून मान न वळवता म्हणायची, ‘टीं टीं टीं.’ आबा चिडायचे आणि अजून एक पाऊल मागं जायचे. आमचं घर पत्र्याचं, पुढं लिंबाचं झाड, झाडाखाली चूल. न्याहारीला बाजरीची भाकरी, ठेचा आणि मेंढीच्या दुधाचा चहा. तो चहा इतका दाट की आता शहरात लोक ज्याला चहा म्हणतात ते मला कप विसळलेलं पाणी वाटतं. संध्याकाळी येसराची, म्हणजे भाजून दळलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची आमटी. डाल्याखाली झाकलेली कोकरं तिचा वास आला की ओरडायची. त्यांना त्यातलं काही मिळणार नसायचं, पण आपली हजेरी लावायची.

त्या चहापायीच रशीदभाई आमच्याकडं यायला लागले. ते रस्त्याच्या कामावरचे सुपरवायझर, राहायला शहरातल्या छावणी भागात. उंच, काटक, डोक्यावर पिवळी टोपी, आणि ती काढली की टोपीच्या कडेचा घामाचा ठसा कपाळावर उमटलेला. पहिल्या दिवशी पाणी मागायला आले, मायनं चहा दिला, आणि दुसऱ्या दिवशी आपसूक आले. ते आबांना मामू म्हणायचे. आबा त्यांना साहेब म्हणायचे, पण ‘साहेब’ म्हणताना तोंड दुसरीकडं करायचे. चहा पितापिता रशीदभाई मला मोबाइलवर नकाशा दाखवायचे. आधी आमचा जिल्हा, मग बोटांनी चिमटा घेतला की राज्य, मग सगळा देश. आणि त्यावर रस्ते, गोधडीवरच्या टाक्यांसारखे, एक दुसऱ्याला धरून. “हे बघ बेटा, इथून टाका धरला की काश्मीरपर्यंत कुठंच तुटत नाही. और इधर से कन्याकुमारी,” ते म्हणायचे. त्यांच्या हाताखाली बिहारची माणसं होती, तेलंगणाची होती, एक पंजाबचा यंत्रचालक होता. सगळे आपापलं गाव त्या नकाशात दाखवायचे. मी आमची वस्ती शोधली, ओढा सापडला. आमची वाट मात्र त्यात नव्हती. मी आबांना ते सांगितलं नाही.

भराव चढत चढत दोन पुरुष उंच झाला आणि आमच्या वाटेवर आडवा बसला. तरी पहिले काही दिवस आम्ही भरावावरूनच मेंढरं पलीकडं नेली. मुरूम होता, उतार होता, मेंढरांना काय, डोंगरच. मग रशीदभाईंनी एका सकाळी सांगितलं की आता वर सिमेंट पडणार, नंतर दोन्ही बाजूंना तारेचं कुंपण होणार, वर माणूसही चढायचा नाही. आबांनी कप खाली ठेवला.

“मंग आमी जावं कुठून साहेब? उडून?”

“उडून नक्को मामू. खालून,” रशीदभाई हसले. “चला, दाखवतो.”

भरावाच्या पोटातून त्यांनी बोगदा काढला होता. सिमेंटची चौकोनी पेटी, ट्रॅक्टर जाईल एवढी उंच, या टोकाला उभं राहिलं की त्या टोकाचं गायरान दिसायचं, लहान, चौकटीत बसवलेल्या फोटोसारखं. माणसांसाठी, बैलगाड्यांसाठी, जनावरांसाठी मूळ आराखड्यातच होता तो. मी भिंतीवरून हात फिरवला. गार आणि गुळगुळीत. एवढ्या मोठ्या रस्त्यानं खाली वाकून आमच्यासाठी जागा ठेवली होती, आणि मला आबांकडं बघून हसावंसं वाटत होतं. आबांनी बोगद्यात एक आरोळी दिली. ती चारी भिंतींना आपटून परत आली. “हं,” आबा म्हणाले.

मेंढरं आत जाईनात. दुसऱ्या दिवशी कळप बोगद्याच्या तोंडापर्यंत आला आणि म्होरकी, म्हणजे जिच्यामागं सगळा कळप जातो ती काळतोंडी मेंढी, तिथंच खुरं रोवून उभी राहिली. आबांनी ओरडून हाकललं. ते ओरडणं आतून दुप्पट होऊन मेंढरांच्याच अंगावर आलं, आणि सगळा कळप मागं फिरला तो मला तुडवतच. तिसऱ्या दिवशी आबांनी काळतोंडीला उचलून आत नेलं, ठेवलं; ती आबांच्या आधी बाहेर. पुढं आबांनी शिव्या घातल्या, विनवण्या केल्या, हिरवा पाला दाखवला. मेंढराला वाघ दिसला तर ते पळतं, पण अंधारी भिंत दिसली तर ते नुसतं उभं राहतं, आणि उभ्या मेंढरापुढं माणसाचं काही चालत नाही.

या अलीकडच्या बाजूला चारा नव्हता आणि ओढा कोरडा होता. मेंढरं पलीकडं गेली तर जगणार, नाही तर नाही, एवढा साधा हिशोब होता. एका संध्याकाळी आबा जेवता जेवता म्हणाले, “छावणीच्या बाजारातल्या त्या व्यापाऱ्याला सांगून ठिवलंय. समदाच कळप घेतो म्हनला.”

मायचा हात परातीत थांबला. “आन मंग?”

“मंग काय. तुजा भाऊ हाय ना बजाजनगरात. कंपनीच्या गेटावर वॉचमनची जागा हाय म्हनत व्हता. खुर्ची देतेत बसाया.”

खुर्चीवर बसलेले आबा मला डोळ्यांपुढं आणताच येईनात. आबा जेवायलासुद्धा नीट मांडी घालून बसायचे नाहीत. एक गुडघा वर, कधीही उठायच्या तयारीत. बजाजनगरच्या त्या एका खोलीत मी सुट्टीत राहिलेली होते. माझी मामी चांगली होती, मामा चांगला होता, नळाला पाणी होतं. पण त्या खोलीत आबांना ठेवायचं म्हणजे काठी उभी करायला कोपरा शोधावा लागला असता. मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही. माय म्हणाली, “रडू नको, भाकर खा. अजून इकली नाय मेंढरं.”

आणि त्याच आठवड्यात आबांनी ती चूक केली. मी आजवर किती जणांना सांगितली असेल; शहरातले लोक हसतात, पण आमच्यातला कुणी हसत नाही, कारण आमच्यातल्या कुणीही तीच केली असती. वर सिमेंट टाकायला सुरुवात झाली होती. एक भलं मोठं यंत्र सावकाश पुढं सरकायचं आणि त्याच्या मागून राखाडी रंगाचा तयार रस्ता बाहेर पडायचा, जात्यातून पीठ पडावं तसा. मागची माणसं आदल्या दिवसांच्या सिमेंटवर ओली गोणपाटं अंथरायची, बारीक बारीक मातीचे बांध घालून वाफे करायची आणि त्यात पाणी सोडायची. आबा लांबून ते बघून डोक्याला हात लावायचे. “येडे लोक. रस्त्याला पानी पाजत्यात! हितं मानसाला टँकर नाय, आन हे धोंड्याला पाजायलेत.”

त्या सकाळी आम्ही भरावाच्या कडेनं चाललो होतो. मेंढरं तहानलेली होती. रात्री त्यांना वस्तीवरच्या हातपंपाचं पाणी घोटघोट मिळालं होतं. वाऱ्यावरून ओल्या गोणपाटाचा वास आला आणि काळतोंडीनं नाक वर केलं. आबा थांबले. ते एकटे वर चढले, एका वाफ्यात बोटं बुडवली, पाणी नितळ होतं. काठीचं टोक खाली आपटलं, खडकासारखं टणक वाजलं. आजूबाजूला कुणी नव्हतं, यंत्र वळणापुढं गेलेलं. आबांच्या हिशोबात शेताच्या वाफ्यात मेंढरू घालणं हा गुन्हा, कारण तिथं पीक असतं. पण खडकावर साठलेलं पाणी हे देवाचं. मुक्या जिवाला ते प्यायला कुणी नाही म्हणत नाही, मग विचारायचं तरी कुणाला? त्यांनी वरून जिभेनं तो नेहमीचा आवाज काढला. कळप कामाच्या कडेनं ताणलेल्या लाल-पांढऱ्या पट्टीखालून वर उसळला.

पाणी होतं ते आदल्या दिवसांच्या सिमेंटवर. पण तिथं पोचायच्या घाईत अर्धा कळप ज्यावरून पसरत गेला, ते सिमेंट नुकतंच त्या सकाळी पडलेलं होतं. रंग तोच, सपाटी तीच. वरून कळायला मार्ग नव्हता. मी चढून आले तेव्हा आबा मेंढरांकडं समाधानानं बघत होते आणि मी त्यांच्या मागच्या जमिनीकडं बघत होते. भिजवलेल्या पिठावरून कोंबड्या फिराव्यात तशी खुरांची नक्षी, या कडेपासून त्या कडेपर्यंत.

“आबा,” मी म्हणाले. “खाली बगा.”

रशीदभाई ओरडत धावत आले. “या अल्ला! मामू, ये क्या कर दिया!” मला वाटलं आता ते आबांवर हात टाकतात. पण त्यांनी आधी वाफ्यात तोंड घातलेल्या मेंढरांना हाकललं. “पिऊ देऊ नका! सिमेंटचं पाणी आहे, पोटं जाळेल त्यांची!” आम्ही तिघांनी मिळून कळप खाली उतरवला. मग ते भरावाच्या कडेला मटकन बसले, टोपी काढली आणि त्या खुरांकडं बघत राहिले. शेवटी म्हणाले, “फोडावं लागेल. सगळा पट्टा.”

“मऊ हाय ते अजून साहेब. थापीनं सारकं करू की,” आबा म्हणाले.

“नाही होत मामू. वरून सारखं दिसेल, आतून कच्चं राहील. दोन पावसाळ्यांत तिथंच खड्डा. मेरे नाम का खड्डा.” मग त्यांनी आबांना समजावलं, रागानं नाही, दमलेल्या आवाजात. सिमेंट वाळून घट्ट होत नसतं. ते पाणी पिऊन घट्ट होतं. उन्हानं पाणी उडालं की ते भेगाळतं, म्हणून कितीतरी दिवस ते ओलं ठेवायचं, तान्ह्या लेकराला दूध पाजावं तसं. आबा ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. रस्त्याला पाणी पाजणारे लोक वेडे नव्हते. त्यांनी डोक्याचा रुमाल काढून हातात धरला.

तो पट्टा फोडला तेव्हा आबा तिथं उभे होते. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी थांबायला सांगितलं नव्हतं. ब्रेकरचा तो कर्कश आवाज, उडणारी धूळ, आणि आबा उघड्या डोक्यानं उन्हात. माय मला म्हणाली, त्यांना आणू नको, उभं राहू दे. संध्याकाळी ते घरी आले, हातपाय धुतले आणि ताटावर बसलेच नाहीत.

आमच्यात एक रीत आहे. मेंढरं कुणाच्या उभ्या पिकात शिरली की धनगरानं त्या शेतकऱ्याचं रान बसवून द्यायचं. म्हणजे कळप रात्रभर त्याच्या रानात बसवायचा, भोवती वाघर लावायची, वाघर म्हणजे आमची दोरीची जाळी. लेंडी आणि मुतानं ते रान असं पिकतं की पुढच्या वर्षी शेतकरी स्वतःच बोलवायला येतो. एरवी बसवण्याचे लोक धान्य देतात. नुकसानीपोटी बसवलं तर मूठभरही घ्यायचं नाही. भांडण तिथं मिटतं, मनात कुणी काही ठेवत नाही.

मायनं ताटावर ताट झाकलं आणि म्हणाली, “रान खाल्लं असतं तर काय केलं असतं?”

“बसवून दिलं असतं.”

“मंग द्या की बसवून.”

“रस्त्यावर मेंढरं बसवू? डोस्कं फिरलं काय तुजं?”

“रस्त्यावर काहून? रस्त्याच्या कडंला त्या लोकायनं रोपं लावलीत ना, बोगद्यापाशी. समदी मरायलीत. मुरमात काय जगनार? तितं बसवा.”

आबा एकदम उठून उभे राहिले, पुन्हा बसले. माय वाट बघत होती. पण या वेळी ते मागं सरकले नाहीत आणि तिनं तो डंपरचा आवाज काढला नाही. “वाढ,” आबा म्हणाले.

सकाळी ते रशीदभाईंकडं गेले, मी बरोबर. रशीदभाईंना आधी काही कळेना. “म्हणजे मामू, नुकसान भरपाई? लेंडीनं?” ते इतके हसले की जवळची बिहारी पोरं बघायला लागली. आबा हसले नाहीत. तेव्हा रशीदभाईंचंही हसू थांबलं आणि ते त्या वाळक्या रोपांकडं बघू लागले. ती रोपं त्यांच्याच माथी होती; वरचे साहेब आले की आधी तीच बघायचे. “हौ,” ते म्हणाले. “मंजूर. पण एक मेंढरू वर दिसलं नाही पाहिजे.”

आम्ही आधी रोपांना बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं, मग बोगद्याच्या तोंडाशी, भरावाच्या पायथ्याला वाघर ठोकली. रात्री कळप तिथं बसायचा. आबा आणि माय आळीपाळीनं राखण करायचे. रोपांसाठी पाण्याचा टँकर यायचा, त्यातलं रशीदभाई मेंढरांनाही सोडायला लावायचे. चारा मी आणि आबा पलीकडून डोक्यावर आणायचो, बोगद्यातूनच. आम्ही दिवसातून कितीदा त्यातून जायचो आणि मेंढरं जाळीतून आमच्याकडं बघत राहायची, ही माणसं परत येतात तरी कशी, अशा नजरेनं.

एका दुपारी उन्हाचा कहर झाला. मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून गोल उभी होती. कामावरची माणसं जेवायला बोगद्यात सावलीला बसली होती, आम्हीही त्यांच्यात. रशीदभाईंनी घरून नानखलिया आणला होता. आबांनी रश्श्यात नान बुडवला, एक घास खाल्ला आणि विचारलं, “साहेब, हे मेंढरू कुणाचं?”

“तुमच्या छावणी बाजारातलंच असणार मामू.”

“तरीच वळखीचं वाटलं,” आबा म्हणाले, आणि दुसरा नान घेतला.

माय भाकरी घेऊन उशिरा आली. तिच्यामागं एक कोकरू होतं, आईवेगळं, मायनं बाटलीनं वाढवलेलं. त्याला ना कळपाची पर्वा ना जाळीची. माय जाईल तिकडं ते जायचं. ते आत आलं, मधोमध थांबलं आणि मायनं दूध दिलं नाही म्हणून बॅ करून ओरडलं. बोगद्यानं तो आवाज उचलला. एका कोकराची दहा झाली, दहाची पन्नास. जणू आत एक सबंध कळप उभा होता. ते कोकरू स्वतःच दचकलं आणि अजून जोरात ओरडलं.

बाहेर काळतोंडीनं डोकं वर काढलं. तिनं उत्तर दिलं. आतून पुन्हा आवाज आले. आबांचा घास हातातच राहिला. ते उठायला लागले तशी मायनं त्यांचं धोतर धरून खाली बसवलं. “वरडू नका. गप ऱ्हावा.” मी जाऊन हळूच जाळीची एक बाजू सोडली. काळतोंडी बोगद्याच्या तोंडाशी आली, वास घेतला, आतली गार हवा तिच्या तोंडावर आली असणार. ती एक पाऊल आत आली. मग दुसरं. आणि मग ती म्हणजे कळप, कळप म्हणजे ती. सगळी मेंढरं आत आली आणि आमच्या ताटांमधून, डब्यांमधून, त्या पंजाबी यंत्रचालकाच्या मांडीवरून ओरडत पलीकडं गेली. कुणाचीच भाजी वाचली नाही. रशीदभाई भिंतीला चिकटून उभे होते आणि हसत होते. आबा कुणाकडंच बघत नव्हते. त्यांनी बोगद्याच्या भिंतीवर तळवा टेकला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

आता माझा संसार शहरात आहे, आणि त्या रस्त्यावरून जाण्याचे प्रसंग पुष्कळ येतात. त्याच्यासारखे कितीतरी रस्ते झाले, काही त्याहून रुंद. पोरं गाडीत मोबाइलमध्ये डोकं घालून बसतात. रस्ता कुणीतरी बनवला असेल हे त्यांच्या गावीही नसतं. त्यांचा काही दोष नाही. चांगल्या रस्त्याचं लक्षणच ते, की तो खाली आहे हे विसरायला होतं. मला मात्र तो विसरता येत नाही. चाकं एकसारखी घुमत असतात आणि मला वाटतं, एवढं सपाट, एवढं सलग काही आपल्या लोकांनी हातानं केलंय. कुणी बिहारहून येऊन, कुणी छावणीतून येऊन, उन्हात उभं राहून त्याला पाणी पाजलंय. त्या बोगद्याजवळची कडुलिंबं आता चांगली डेरेदार झालीत. माझं ऊर भरून येतं, आणि ते लपवायचं मला काही कारण दिसत नाही.

पण त्या उन्हाळ्यात गोष्ट अजून संपली नव्हती. मेंढरं ज्या रस्त्याखालून जायला शिकली तो मुका रस्ता होता. वरून गाड्या धावायला लागल्यावर काय, हे कुणालाच माहीत नव्हतं. आबांनी व्यापाऱ्याला नको म्हणून निरोप दिला नव्हता. मायनं विचारलं तर म्हणाले, “बगू. रस्ता चालू हुऊ दे.”

पाऊस तोंडावर असताना रस्ता सुरू झाला. आदल्या दिवशी लांब कुठंतरी मांडव पडला होता, भाषणं झाली होती. आमच्यापर्यंत फक्त लाउडस्पीकरची घरघर आली. सकाळी कळप घेऊन निघालो तर बोगद्याच्या अलीकडं व्यापाऱ्याची पिकअप उभी. बोलावलं नव्हतं, पण मेंढपाळाच्या अडचणीची खबर व्यापाऱ्याला त्याच्या बायकोआधी लागते. तो बॉनेटला टेकून तंबाखू मळत होता. म्हणाला, “आबा, राम राम. करा तुमचं. मी हाय हितंच.”

मेंढरं सवयीनं आत शिरली. काळतोंडी मध्यापर्यंत गेली असेल, आणि वरून पहिला ट्रक गेला. धडाड. जोडावरून चाकं गेली तो आवाज छतातून खाली आला, भिंतींतून आला, पायांखालून आला. सगळा कळप जागच्या जागी गोठला. मी मागच्या तोंडाशी होते. माझ्या मांड्यांना टेकलेली मेंढी थरथरत होती. बाहेर व्यापाऱ्यानं तंबाखू तोंडात टाकलेली मला दिसली. दुसरा ट्रक. लगोलग तिसरा. कळप किंचित मागं सरकला, आणि मागं सरकलेला कळप म्हणजे काय हे मी एकदा अनुभवलं होतं.

आबा कळपाच्या मधे होते. मला वाटलं आता ते ओरडणार. ते ओरडले नाहीत. त्यांनी काठी भिंतीला टेकवली आणि खाली बसले. नेहमीसारखे एक गुडघा वर करून नाही, तर नीट, चांगली मांडी घालून, दुपारी लिंबाखाली बसावं तसे. कमरेची पिशवी काढली, पान काढलं, चुना लावायला लागले. वरून सलग गाड्या चालल्या होत्या. आबांनी सुपारी कातरली. काळतोंडी त्यांच्याकडं वळून बघत होती. वरून काहीतरी फार जड गेलं, छत घुमलं, आणि आबांनी पान तोंडात घातलं. मग एका म्हाताऱ्या मेंढीनं शेपूट उचलली आणि लेंड्या टाकल्या. भ्यालेलं मेंढरू ते करतं, पण ही करता करता रवंथ करत होती. आबा तिच्याकडं बघून गालात हसले. आणखी एक गाडी गेली, आणि काळतोंडी उजेडाकडं तोंड करून चालू लागली.

आम्ही पलीकडं आलो. गायरानावर नुकत्या पडून गेलेल्या वळवाच्या सरीनं बारीक हिरवळ फुटली होती, मेंढरांनी माना खाली घातल्या. बोगद्याच्या त्या टोकातून व्यापारी वाकून बघत होता. “काय मग आबा? थांबू का जाऊ?” त्यानं विचारलं. आबांनी हात हलवला. जा. तो जरा वेळ उभा राहिला, मग पिकअपमध्ये बसला. कडेच्या रस्त्यानं पुढं जाऊन तो वर चढला असणार, कारण थोड्या वेळानं ती पिकअप आमच्या डोक्यावरून गेली, मागचा मोकळा हौदा खडखड वाजवत.

आबांनी मान वर केली नाही. त्यांचं लक्ष मेंढरांवर होतं.

“रिकामी गाडी लई वाजती बग, आरते,” ते म्हणाले. “चल, पान्यावर घेऊ यांना.”